अणुकेंद्रांचे सूर ओळखणारा शास्त्रज्ञ : फेलिक्स ब्लॉख

एमआरआय हा शब्द आज मराठी घरांत अपरिचित राहिलेला नाही. मेंदूतील गाठ असो, मणक्यातील सरकलेली चकती असो वा गुडघ्यातील फाटलेला स्नायुबंध, डॉक्टर सहजपणे ही तपासणी सांगतात. रुग्ण बोगद्यासारख्या यंत्रात निश्चल पडून राहतो आणि काही वेळाने त्याच्या हाती करड्या छटांतील प्रतिमांचा संच व एक अहवाल येतो. त्या अहवालात टी-१ आणि टी-२ ही दोन चिन्हे हमखास असतात. त्यांचा अर्थ विचारण्याच्या फंदात सहसा कुणी पडत नाही. या चिन्हांचे जनक असलेले फेलिक्स ब्लॉख वैद्यकाचे अभ्यासक नव्हते. रोगनिदानाचा विचारही त्यांच्या मनात नव्हता. पदार्थाच्या अगदी गाभ्यात असलेल्या अणुकेंद्राचे चुंबकत्व अचूक मोजावे, एवढाच त्यांचा ध्यास होता.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. रुग्णालयातील नेहमीच्या प्रतिमेत शरीरातील एकाच मूलद्रव्याच्या अणुकेंद्रांचे चित्र उमटते. ते मूलद्रव्य म्हणजे हायड्रोजन. सोडियम, फॉस्फरस आणि इतर मूलद्रव्ये त्याच चुंबकाच्या पोटात असतात, त्यांची अणुकेंद्रेही आपापल्या परीने प्रतिसाद द्यायला सज्ज असतात; पण यंत्र त्यांच्याकडे कान देत नाही. अनेक प्रकारच्या अणुकेंद्रांची चित्रे एकाच तपासणीत मिळवण्यासाठी आज जगभर जे प्रयत्न चालू आहेत, त्यांचे मूळ ब्लॉख यांच्या संशोधनात सापडते.

फेलिक्स ब्लॉख यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९०५ रोजी स्वित्झर्लंडमधील झ्युरिक येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील धान्याचे घाऊक व्यापारी होते. मुलाने एखादा व्यवहारोपयोगी पेशा पत्करावा या विचाराने १९२४ मध्ये त्यांनी झ्युरिकच्या ख्यातनाम तंत्रविद्यापीठात अभियांत्रिकीसाठी प्रवेश घेतला. वर्षभरातच मन भौतिकशास्त्राकडे ओढले गेले आणि त्यांनी शाखा बदलली. त्या काळी भौतिकशास्त्रात चरितार्थाची शाश्वती फारशी नव्हती; परंतु डिबाय, शेरर, वाइल यांच्यासारखे अध्यापक तेथे होते आणि जवळच्याच झ्युरिक विद्यापीठात श्रोडिंगर तरंगयामिकी मांडत होते. एक नवे विज्ञान डोळ्यांसमोर जन्म घेत असताना तेथे विद्यार्थी म्हणून उपस्थित असण्याचे भाग्य ब्लॉख यांना लाभले.

१९२७ मध्ये ते जर्मनीतील लाइपझिग येथे गेले आणि वेर्नर हायझेनबर्ग यांचे पहिले डॉक्टरेटचे विद्यार्थी ठरले. धातूच्या स्फटिकात अणूंची एवढी दाटी असताना इलेक्ट्रॉन त्यांतून जवळजवळ विनासायास कसे वाहतात, हा प्रश्न त्यांनी प्रबंधासाठी निवडला. १९२८ मध्ये पूर्ण झालेल्या या प्रबंधाने घन पदार्थांच्या आधुनिक सिद्धांताची पायाभरणी केली. अर्धवाहकांचा अभ्यास करणारा विद्यार्थी आजही ब्लॉख तरंगांपासून प्रारंभ करतो. त्या वेळी त्यांचे वय अवघे २२ वर्षांचे होते. पुढील काही वर्षे त्यांनी पाउली, क्रामर्स, बोर यांच्या सहवासात काढली आणि १९३२ मध्ये लाइपझिग येथे अध्यापनाचा अधिकार मिळवला.

हे स्थैर्य वर्षभरही टिकले नाही. १९३३ च्या प्रारंभी हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू अध्यापकांना विद्यापीठांतून हटवण्याचे सत्र सुरू झाले. ब्लॉख यांनी त्याच वर्षी जर्मनी सोडली. काही काळ त्यांनी रोममध्ये एनरिको फर्मी यांच्याकडे काम केले. याच सुमारास अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निमंत्रण आले. युरोपातील भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ते तेव्हा दूरचे, आडबाजूचे ठिकाण होते. १९३४ मध्ये ब्लॉख तेथे दाखल झाले आणि १९३९ मध्ये त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले. १९४० मध्ये लोरे मिश या जर्मनीतून आलेल्या भौतिकशास्त्रज्ञ स्त्रीशी त्यांचा विवाह झाला.

नव्या भूमीत त्यांच्या संशोधनाने नवे वळण घेतले. केवळ कागदावर गणिते मांडणारा हा सिद्धांतकार प्रयोगशाळेत उतरला. विद्युतभार नसलेल्या न्यूट्रॉनलाही चुंबकत्व असते, हे कोडे त्यांना खुणावत होते. लुइस अल्वारेझ यांच्यासह त्यांनी बर्कलीच्या सायक्लोट्रॉनवर न्यूट्रॉनचे चुंबकत्व मोजले आणि १९४० मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. अणुकेंद्र एखाद्या सूक्ष्म चुंबकासारखे वागते आणि बाह्य चुंबकीय क्षेत्रात ठेवल्यास कलत्या भोवऱ्याप्रमाणे डुलत राहते. या डुलण्याचा वेग त्या अणुकेंद्राच्या जातीवर आणि क्षेत्राच्या तीव्रतेवर ठरतो. नेमक्या त्याच वेगाच्या रेडिओ लहरी सोडल्या की अणुकेंद्र प्रतिसाद देते. या घटनेला अनुनाद म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये इसिडोर राबी यांनी १९३८ मध्ये रेणूंच्या झोतात हा अनुनाद दाखवून दिला होता. पेल्यातील साध्या पाण्यात तो पकडता येईल का, हा प्रश्न मात्र अनुत्तरित होता.

मध्यंतरी महायुद्ध आले. ब्लॉख काही काळ लॉस अलामोसच्या अणुबॉम्ब प्रकल्पात होते; परंतु तेथील लष्करी बंदिस्तपणा त्यांना मानवला नाही. तेथून बाहेर पडून त्यांनी हार्वर्डमध्ये शत्रूच्या रडारला निष्प्रभ करण्याच्या कामास वाहून घेतले. क्षीण रेडिओ संदेश गोंगाटातून वेगळे काढण्याचे जे कसब तेथे आत्मसात झाले, ते पुढे त्यांच्या सर्वांत मोठ्या प्रयोगाच्या कामी आले.

१९४५ मध्ये ते स्टॅनफर्डला परतले. सूक्ष्मलहरींच्या तंत्रात निष्णात असलेले विल्यम हॅन्सन आणि तरुण संशोधक मार्टिन पॅकार्ड यांच्या साहाय्याने त्यांनी उपकरण उभारले. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये पाण्याचा नमुना, त्याभोवती रेडिओ लहरी सोडणारे एक वेटोळे आणि त्याला काटकोनात बसवलेले, अणुकेंद्रांचा प्रतिसाद टिपणारे दुसरे वेटोळे, अशी त्याची रचना होती. जानेवारी १९४६ मध्ये पाण्यातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचा संदेश मिळाला. काही आठवड्यांपूर्वी, डिसेंबर १९४५ मध्ये, हार्वर्ड येथे एडवर्ड पर्सेल, हेन्री टोरी व रॉबर्ट पाउंड यांनी पॅराफिनमध्ये हाच परिणाम स्वतंत्रपणे टिपला होता. दोन्ही गटांना एकमेकांच्या कामाची कल्पना नव्हती. एकाने ऊर्जेचे शोषण मोजले होते, दुसऱ्याने वेटोळ्यात उत्पन्न झालेला विद्युतप्रवाह. मार्ग वेगळे असले, तरी दोघांनी गाठलेले शिखर एकच होते, हे उमगण्यास थोडा अवधी लागला. ब्लॉख यांनी स्वतःचे बोट वेटोळ्यात घालून पाहिले व त्यातूनही हायड्रोजनचा ठसठशीत संदेश मिळाला, असे सांगितले जाते.

याच प्रयोगमालेत एक अडचण होती आणि तिच्या उत्तराशी भंडारा जिल्ह्यातील मातीचे नाते जुळते. बाहेरून ढवळलेली अणुकेंद्रे पुन्हा आपल्या मूळ स्थितीत येण्यास ठराविक वेळ घेतात. हा वेळ फार दीर्घ असेल तर संदेश मिळणेच दुरापास्त व्हावे. ब्लॉख यांनी पाण्यात फेरिक नायट्रेट हा लोहाचा क्षार मिसळला. लोहाच्या अणूत जोडीविना राहिलेले इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांच्या प्रबळ चुंबकत्वामुळे शेजारच्या हायड्रोजनची अणुकेंद्रे लवकर पूर्वस्थितीला येतात. हाच गुण मँगनीजमध्येही तेवढाच प्रकर्षाने आढळतो. मँगनीज म्हटले की विदर्भातील वाचकाला तुमसर तालुका आठवतो. तेथील डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या मॉयलच्या खाणी प्रसिद्ध आहेत आणि डोंगरी बुजुर्गचे मँगनीज डायऑक्साइडयुक्त खनिज सुक्या बॅटऱ्यांच्या उद्योगाला पुरवले जाते. अणुकेंद्रांना लवकर विसावा देणारे हेच मूलद्रव्य पुढे वैद्यकीय प्रतिमांकनाच्या इतिहासात पुन्हा अवतरले.

या परतीच्या वेळेचा हिशेब ब्लॉख यांनी १९४६ मध्येच समीकरणांत बांधला. चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने अणुकेंद्रांची पुन्हा जुळणी होण्याचा काळ म्हणजे टी-१ आणि त्यांच्या एकत्रित डुलण्यातील ताल बिघडण्याचा काळ म्हणजे टी-२. शरीरातील निरनिराळ्या ऊतींमध्ये हे दोन्ही काळ वेगवेगळे असतात. चरबी, स्नायू, मेंदूतील द्रव आणि गाठ यांच्या छटा प्रतिमेत निराळ्या दिसतात, त्या मुख्यतः यामुळेच. १९५२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ब्लॉख आणि पर्सेल यांना विभागून देण्यात आले. स्टॅनफर्ड विद्यापीठाला मिळालेले हे पहिलेच नोबेल होते. या यशाचे वाटेकरी हॅन्सन मात्र तो दिवस पाहू शकले नाहीत. चाळिशी गाठण्यापूर्वीच, १९४९ मध्ये, त्यांचे निधन झाले होते.

ब्लॉख यांचे मन रमले होते ते वेगवेगळ्या अणुकेंद्रांचे चुंबकत्व मोजण्यात. जड हायड्रोजनची दोन्ही रूपे, ड्यूटेरियम व ट्रिटियम, यांच्या अणुकेंद्रांचे मोजमाप त्यांच्या गटाने केले. प्रत्येक जातीच्या अणुकेंद्राचा सूर निराळा असतो. एक टेस्ला तीव्रतेच्या क्षेत्रात हायड्रोजन सुमारे ४२.६ मेगाहर्ट्झला प्रतिसाद देतो, फ्लोरीन ४०.१ ला, फॉस्फरस १७.२ ला आणि सोडियम ११.३ ला. नेहमीचा कार्बन-१२ आणि ऑक्सिजन-१६ पूर्णपणे मूक असतात, कारण त्यांच्या अणुकेंद्रांना चुंबकत्वच नसते. कार्बनपैकी सुमारे १.१ टक्का असलेला कार्बन-१३ तेवढा बोलतो. ही सूरांची यादी स्टॅनफर्ड, हार्वर्ड आणि अन्य प्रयोगशाळांमधून हळूहळू पूर्ण होत गेली.

या यादीच्या कामात एका भारतीयाचा मोलाचा हात होता. डॉ. एस. एस. धर्मट्टी हे त्या वेळी स्टॅनफर्डमध्ये ब्लॉख यांच्या गटात कार्यरत होते. हॅरी वीव्हर यांच्यासह त्यांनी गंधक-३३ या समस्थानिकाच्या अणुकेंद्राचे चुंबकत्व मोजले. १९५१ मध्ये जेम्स अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी साध्या इथाइल अल्कोहोलचा नमुना तपासला, तेव्हा हायड्रोजनचा एक संदेश येण्याऐवजी तीन वेगळे संदेश मिळाले. त्यांच्या क्षेत्रफळांचे प्रमाण ३, २ आणि १ असे होते. रेणूतील तीन निरनिराळ्या जागी बसलेल्या हायड्रोजन अणूंची संख्याही नेमकी तेवढीच आहे. म्हणजे अणुकेंद्र आपल्या शेजाऱ्यांचीही वार्ता देत होते. अणुकेंद्राचे निखळ मूल्य शोधणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाच्या दृष्टीने ही रासायनिक भेसळ अडथळाच होती. रसायनशास्त्रज्ञांना मात्र त्यातून रेणूची रचना वाचण्याचे साधन गवसले. धर्मट्टी पुढे मायदेशी परतले आणि होमी भाभा यांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी या विषयाचा गट उभा केला. गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत तेव्हा ही संस्था होती. भारतातील चुंबकीय अनुनाद संशोधनाची एक प्रमुख परंपरा मुंबईत रुजली ती अशी, आणि तिची मुळे ब्लॉख यांच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचतात.

१९५४ मध्ये जिनिव्हा येथील सर्न या नव्या युरोपीय संशोधन संस्थेचे पहिले महासंचालक म्हणून ब्लॉख यांची नियुक्ती झाली. ज्या युरोपातून त्यांना परागंदा व्हावे लागले, त्याच युरोपाच्या वैज्ञानिक पुनर्बांधणीचे नेतृत्व त्यांच्याकडे आले होते. परंतु प्रशासनात त्यांचा जीव रमला नाही. वर्षभरातच, १९५५ मध्ये, ते स्टॅनफर्डला आपल्या संशोधनाकडे परतले. १९६५ मध्ये त्यांनी अमेरिकन फिजिकल सोसायटीचे अध्यक्षपद भूषवले आणि १९७१ मध्ये अध्यापनातून निवृत्ती स्वीकारली.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७३ मध्ये, पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय क्षेत्राची तीव्रता ठिकाणानुसार बदलती ठेवून पाण्याने भरलेल्या दोन बारीक नळ्यांचे चित्र मिळवले. ब्रिटनमध्ये पीटर मॅन्सफिल्ड यांनीही याच दिशेने काम केले आणि या दोघांना २००३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. लॉटरबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये श्वानांच्या हृदयावर मँगनीजच्या क्षाराचा प्रयोग केला. ज्या भागाला रक्तपुरवठा व्यवस्थित होता तेथे मँगनीज पोहोचले व हायड्रोजनचा टी-१ घटला. पुरवठा तुटलेला भाग वेगळा ओळखता आला. ब्लॉख यांच्या लोहक्षाराची ही वैद्यकीय आवृत्तीच होती. मुक्त मँगनीज शरीराला घातक असल्याने पुढे गॅडोलिनियमची संयुगे अधिक रूढ झाली. मँगनीजची धूळ वा धूर दीर्घकाळ श्वासावाटे घेणाऱ्या कामगारांच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या विशिष्ट केंद्रांत हा धातू साचू शकतो, आणि तो टी-१ प्रतिमेत उजळ दिसतो. खाणकाम आणि वेल्डिंग करणाऱ्यांच्या आरोग्याच्या दृष्टीने या जुन्या भौतिकशास्त्राचे मोल म्हणूनच मोठे आहे.

रुग्णालयांनी हायड्रोजनलाच पसंती दिली याचे कारण उघड आहे. शरीरात पाणी आणि चरबी मुबलक असल्याने त्याचा संदेश दणदणीत असतो. सोडियम व फॉस्फरस यांचे प्रमाण अल्प, अनुनादाची ताकद कमी, त्यामुळे त्यांचा संदेश हायड्रोजनच्या तुलनेत हजारो पटींनी क्षीण भरतो. तरीही त्यांची माहिती अनमोल असते. पाणी अवयवाची घडण दाखवते. फॉस्फरस पेशीतील ऊर्जेचा जमाखर्च सांगतो. १९७४ मध्ये ऑक्सफर्ड येथे उंदराच्या पायातील ताज्या स्नायूतून फॉस्फरसचे संदेश मिळवण्यात आले. १९८१ मध्ये तेथेच मॅकआर्डल या आनुवंशिक विकाराच्या रुग्णाच्या स्नायूची फॉस्फरसद्वारे तपासणी झाली. व्यायामानंतर निरोगी स्नायूत जी आम्लता वाढते, ती या रुग्णात वाढली नव्हती. सुई न टोचता, तुकडा न काढता पेशीच्या रसायनातील दोष उघड झाला होता.

सोडियमची कथाही अशीच आहे. निरोगी पेशी सोडियमला अखंड बाहेर लोटत असते, म्हणून पेशीबाहेर त्याचे प्रमाण आतल्यापेक्षा सुमारे दसपट असते. पक्षाघातात रक्तपुरवठा थांबला की पेशीचा हा पंप मंदावतो आणि सोडियम आत साचू लागतो. फुप्फुसांत हवाच अधिक, त्यामुळे हायड्रोजनच्या प्रतिमेत ती काळोखी दिसतात. तेथे झेनॉन-१२९ हा वायू उपयोगी पडतो. त्याच्या अणुकेंद्रांचे चुंबकत्व आधीच एका दिशेला वळवून तो रुग्णाला हुंगवला जातो आणि हवा कुठे पोहोचते, कुठे अडते याचे चित्र मिळते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२२ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली.

एकाच तपासणीत अनेक अणुकेंद्रांचे चित्रण करायचे, तर यंत्राला एकाच वेळी अनेक सूर लावता आले पाहिजेत. तीन टेस्लाच्या यंत्रात हायड्रोजनसाठी सुमारे १२८, फॉस्फरससाठी ५२ आणि सोडियमसाठी ३४ मेगाहर्ट्झ अशी वेटोळी लागतात. शेजारी ठेवलेली वेटोळी एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करतात, म्हणून दोन सुरांवर जुळवलेली खास वेटोळी बनवावी लागतात. सोडियमचा संदेश तर काही सहस्रांश सेकंदांतच विरून जातो. सात टेस्लासारख्या प्रबळ चुंबकांमुळे आणि वेगवान इलेक्ट्रॉनिकीमुळे या अडचणी थोड्याफार सुटू लागल्या आहेत. तरी अनेक अणुकेंद्रांचे प्रतिमांकन आजही मुख्यतः संशोधन केंद्रांपुरतेच राहिले आहे. यंत्रांचा व वेटोळ्यांचा खर्च आणि तपासणीस लागणारा वेळ पाहता लहान शहरांतील रुग्णांपर्यंत ते पोहोचण्यास अवकाश लागणार हे उघड आहे.

फेलिक्स ब्लॉख यांचे १० सप्टेंबर १९८३ रोजी झ्युरिक या आपल्या जन्मगावीच निधन झाले. मानवी शरीराचे पहिले चुंबकीय चित्रण तोवर झाले होते आणि मोठ्या रुग्णालयांत ही यंत्रे येऊ लागली होती. रुग्णांना धास्ती वाटू नये म्हणून या तंत्राच्या नावातील अणुकेंद्रवाचक शब्द याच दशकात गळून पडला. नावातून अणुकेंद्र गेले आणि व्यवहारातूनही हायड्रोजनखेरीज इतर अणुकेंद्रे मागे पडली. ब्लॉख यांनी उभे आयुष्य ज्यांच्या मोजमापात घालवले, त्या अणुकेंद्रांची गरज वैद्यकाला आता पुन्हा भासू लागली आहे. उपयोगाचा हिशेब न मांडता केलेल्या संशोधनाला फळ कधी येईल आणि कुणाच्या अंगणात येईल, हे संशोधकाला सांगता येत नाही. ब्लॉख यांच्या बाबतीत त्यातील एक फळ रुग्णालयांत पोहोचले आहे, बाकीची अजून पिकायची आहेत.